वकिली कोणाच्या पैशाने झाली?

मंडळी, वारासिवनीच्या आमच्या घरात आजोबांचा काळा कोट कित्येक वर्षं खुंटीला होता. त्या कोटामागे पैसा कोणाचा, हे मात्र आम्हाला फार उशिरा कळलं.

तेव्हा बालाघाट जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघालं, हायकोर्ट १९३६ साली आलं. म्हणून आपल्याकडचा मुलगा वकिली शिकायला नागपूरलाच जायचा. छोट्या गाडीने बालाघाट, तिथून गोंदिया, मग पुढे मोठी गाडी. फी एकवेळ भरता यायची हो. पण खोली, खाणावळ, पुस्तकं हा खर्च दर महिन्याचा आणि धानाचा पैसा वर्षातून एकदाच. मग सावकाराची पायरी आलीच.

हे दुखणं थोरामोठ्यांनाही चुकलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले, तेव्हा कुठे १९२० साली पुन्हा लंडन गाठता आलं. १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ साली परतले तर सनदेलाही पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले.

आमच्या आजोबांचे भथेना घरातच होते. धाकट्या आजोबांनी मॅट्रिकआधीच शाळा सोडली, बांध्या सांभाळल्या आणि नागपूरची मनिऑर्डर कधी चुकू दिली नाही. एका वर्षी पावसाने दगा दिला, तेव्हा आजीच्या पाटल्या गेल्या. त्या परत काही आल्या नाहीत.

१९५६ साली नवं मध्यप्रदेश झालं. नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आपलं हायकोर्ट जबलपूरला आलं. आजोबांनी तेही निभावलं.

पुढे वाटणीची वेळ आली. आजोबा म्हणाले, "मोठी बांधी धाकट्याच्या नावे करा. माझा हिस्सा नागपुरातच खर्च झाला."

धाकटे आजोबा म्हणाले, "दादा, हिशेब मागितला कोणी?"

पण आजोबांनी कागद करूनच दिला. वकीलच ते!

तुमच्याही घरात एखादा वकील, डॉक्टर असेल. त्याच्यासाठी शेतात कोण राहिलं, त्याचंही नाव लिहून ठेवा. पाटीवर ते कधीच नसतं.