विचारणारा विद्यार्थी

रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याजवळ मिरकरवाड्याचे बंदर आहे. कोकण किनाऱ्यावरील मासेमारीच्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होते. दालदी, खारवी अशा दर्यावर्दी समाजांच्या कित्येक पिढ्या या किनाऱ्यावर होड्या आणि जाळी यांच्या बळावर जगत आल्या. या भागातील जाणत्या माणसास भरतीची वेळ विचारावी, तर तो घड्याळाकडे पाहण्याआधी तिथी कोणती ते पाहतो. तिथीची पाऊणपट करावयाची. जो आकडा येईल, त्या तासाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर ३ वाजता, अष्टमी असेल तर ६ वाजता. हा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे.

आता मिरकरवाड्यातील एखादी मुलगी हा हिशेब घरून शिकून विज्ञानाच्या तासाला बसली आहे, अशी कल्पना करू या. शिक्षक फळ्यावर भरती-ओहोटीची आकृती काढीत आहेत. तिच्या मनात प्रश्न येतो : पाऊणपटच का? प्रश्न साधा दिसतो, पण तो दूरवर नेणारा आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करीपर्यंत चंद्र आपल्या मार्गावर पुढे सरकलेला असतो. त्याला गाठण्यास पृथ्वीला रोज सुमारे ५० मिनिटे अधिक फिरावे लागते. म्हणून भरतीही रोज तितकी उशिरा येते. महिनाभरात हे मागे पडणे २४ तासांचे होते. ते ३० तिथींत वाटले, तर प्रत्येक तिथीच्या वाट्यास ४८ मिनिटे येतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. ही ३ मिनिटांची तूट पंधरवड्यात पाऊण तासाची होते; परंतु नव्या पक्षात तिथींची गणना पुन्हा एकपासून सुरू होत असल्याने ती पुढे साचत जात नाही. निरक्षर नाखव्यालाही होडीत बसून करता यावा, असा हा हिशेब आहे. एका प्रश्नातून खगोलशास्त्र, अंकगणित आणि आजोबांचे शहाणपण अशी तिन्ही दालने उघडली.

मात्र ती मुलगी हा प्रश्न विचारील काय? आणि विचारलाच, तर तिला उत्तर मिळेल काय? आमच्या मते विज्ञानशिक्षणाचे सारे यशापयश या दोन प्रश्नांत सामावलेले आहे. हा विषय नवा नाही. मराठी मुलखात विज्ञान जेव्हा जेव्हा रुजले, तेव्हा तेव्हा त्याच्या मुळाशी विचारणारा विद्यार्थी आणि त्याला आपल्या भाषेत उत्तर देणारा शिक्षक अशी जोडी दिसते. तिचा थोडा मागोवा येथे घेऊ.

आरंभ याच किनाऱ्यावर करावा लागतो. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत देवगड तालुका रत्नागिरी जिल्ह्यातच होता. त्या तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. १८३२ साली 'दर्पण' काढणारे आद्य पत्रकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते पेशाने शिक्षक होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात ते गणित आणि ज्योतिष शिकवीत, आणि कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन, सृष्टिज्ञान असे विषय आकृत्या देऊन मराठीतून समजावून सांगण्याचा तो उद्योग होता. वर्गात इंग्रजीतून जे शिकविले जाई, ते घरच्या भाषेत आणल्यावाचून मुलांच्या मनात प्रश्न उगवणार नाहीत, ही जाण त्या उद्योगात दिसते. १८४६ साली, ऐन उमेदीत, बाळशास्त्री निवर्तले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४८ साली, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एक सभा स्थापन केली. साहित्य आणि विज्ञान या दोन्ही विषयांवर निबंध वाचावयाचे आणि त्यांवर चर्चा करावयाची, हा तिचा हेतू. तिच्या मराठी शाखेचे नाव उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, आणि अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग. १८५० पासून या शाखेचे 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. वर्गात शिक्षकाने बोलावे आणि विद्यार्थ्याने ऐकावे, ही रीत येथे थोडी सैल झाली. विद्यार्थी उभा राहून बोलू लागला, त्याला विचारणारे समोर बसू लागले. याच तरुणांनी १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या आणि तेथे विनावेतन शिकविले. त्यांपैकी दादाभाई नौरोजी पुढे एल्फिन्स्टनमध्येच गणित आणि पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक झाले. ज्याला विचारू दिले, तो पुढे शिकवू लागला आणि त्यानेही इतरांना विचारू दिले, असा हा क्रम आहे.

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, हे त्या परंपरेतील दुसरे मोठे शिक्षक. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, त्यापूर्वीच ते शिकून तयार झाले होते. त्यांची विद्या पदवीची नव्हे, वेधशाळेतील कामाची आणि अखंड अभ्यासाची होती. १८६० साली त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध झाली. आकाशात ग्रह एके ठिकाणी दिसतो आणि पंचांगात दुसरीकडे असतो, हे त्यांना खटकले. त्यातूनच पंचांगशोधनाची चळवळ उभी राहिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी रत्नागिरीचा होता : १८५६ साली तेथे जन्मलेले, एका शिक्षकाचे पुत्र बाळ गंगाधर टिळक. टिळकांनी पुढे पंचांगशोधनाचा प्रश्न हाती घेतला, आणि १८९३ साली 'ओरायन' या ग्रंथात नक्षत्रांच्या आधारे वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला. त्यांचे निष्कर्ष सर्वांस मान्य झाले नाहीत. परंतु छापलेले आणि दिसणारे यांत अंतर पडले तर त्याचे कारण शोधावे, ही गुरूची शिकवण शिष्यात उतरली होती.

आपल्या ख्रिस्ती समाजास अभिमान वाटावा असे याच काळातील एक उदाहरण बंगालमधील आहे. येशूसंघीय धर्मगुरू फादर यूजीन लाफाँ १८६५ साली बेल्जियमहून कलकत्त्यास आले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. केवळ पुस्तक वाचून दाखविण्यात त्यांना समाधान नव्हते. उपकरणे मांडून, प्रयोग करून ते शिकवीत, आणि शहरातील सामान्य नागरिकांसाठीही सप्रयोग व्याख्याने देत. त्यांच्या वर्गात जगदीशचंद्र बोस घडले. १८७६ साली डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी भारतीय विज्ञानसंवर्धन संस्था स्थापन केली, तेव्हा फादर लाफाँ त्यांच्या पाठीशी उभे होते. प्रयोग डोळ्यांसमोर घडला की प्रश्न आपोआप ओठांवर येतो, हे या धर्मगुरूने ओळखले होते.

मग इतक्या उजळ परंपरेनंतर आपल्या शाळांत मुले गप्प का झाली? शाळा वाढल्या, वर्ग फुगले, परीक्षेचे ओझे चढले, ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण भाषेचे आहे. पाठ्यपुस्तकातील मराठी ही घरच्या मराठीपासून दूर गेली. समुद्राला उधाण येते आणि भांगाचे पाणी मंदावते, हे बंदरावरच्या मुलास ठाऊक असते. पण तेच जेव्हा अपरिचित परिभाषेत समोर येते, तेव्हा आपल्याला काहीच येत नाही असे त्यास वाटू लागते. ज्याला आपल्या ज्ञानाची लाज वाटते, तो प्रश्न विचारीत नाही.

या अडचणीवर गेल्या काही दशकांत गंभीरपणे काम झाले आहे. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. त्याने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत काम केले, आणि पुस्तकाची बोजड भाषा मुलांच्या आकलनाच्या आड कशी येते, याचा अभ्यास केला. आपल्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांतून एक वेगळा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. तेथे मुले स्वतः प्रयोग करीत आणि त्यांवरून विचारीत. त्या कार्यक्रमाने 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले. शिक्षकांना विचारण्यास धजत नाही ते मुलांनी सवालीरामला पत्राने विचारावे, आणि त्याच्या नावाने जाणत्यांनी उत्तर धाडावे. तो कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला. पण प्रश्नाला पत्ता हवा, ही त्यातील शिकवण टिकून आहे.

महाराष्ट्रात असा एक पत्ता डॉक्टर जयंत नारळीकरांचा होता. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या या जगन्मान्य शास्त्रज्ञाभोवती मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. ते मुलांना सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर लिहून खाली स्वाक्षरी करीन. स्वाक्षरी हवी तर प्रश्न शोधावा लागे, आणि प्रश्न शोधायचा तर विचार करावा लागे. विश्वरचनेचे गणित मांडणाऱ्या विद्वानाने शाळकरी मुलाच्या चार ओळींना उत्तर देण्यात वेळ खर्चावा, यातच त्यांचे मोठेपण होते. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले.

या साऱ्या इतिहासाचा आमच्या दृष्टीने निष्कर्ष असा, की मुलाचा प्रश्न एकट्याने जगत नाही. त्याला ऐकणारा कान लागतो, आपली भाषा लागते, आणि 'मला हे ठाऊक नाही, पाहून सांगतो' असे म्हणण्याचे धैर्य असलेला शिक्षक लागतो. मिरकरवाड्यातल्या एखाद्या मुलाने उद्या विचारले, की रात्री जाळे ओढताना पाण्यात निळसर उजेड का चमकतो, तर प्रत्येक शिक्षकास समुद्रातील प्रकाशमान सूक्ष्मजीवांची माहिती असेलच असे नाही. नसली तरी बिघडत नाही. रत्नागिरीतच सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र आहे, शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. प्रश्न तेथवर नेता येतो. त्याला हसून वा दटावून गप्प बसविले, तर मात्र तो पुन्हा परतत नाही. आणि त्याच्या पाठोपाठ येणारे दहा प्रश्नही वाटेतच थांबतात.

वाचकहो, हे काम केवळ शाळेचे नाही. रात्री जेवणाच्या पानावर मूल 'असे का?' म्हणून विचारते, तेव्हा आपण दमलेले असतो आणि 'मुकाट्याने जेव' हे शब्द ओठांवर येतात. अशा वेळी आपल्या श्रद्धेतील एक चित्र आठवावे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता. तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारीत होता. त्या गुरुजनांनी त्याला उठवून लावले नाही. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक मुलाच्या वाट्यास असे गुरुजन यावेत. ते शाळेत भेटतील तेव्हा भेटोत. तोवर ती जागा घरातील वडीलधाऱ्यांनी रिकामी ठेवू नये.