सागरी जिवाणू, लोहाची टंचाई आणि नीरा खोरे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

भूकवचाच्या वजनात सुमारे पाच टक्के वाटा लोहाचा आहे. तरीही खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात विरघळलेले लोह सामान्यतः एका ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी असते. बारामती तालुक्यातील नीराकाठचे सांगवी समुद्रापासून दूर आहे. परंतु या खोऱ्यातील चुनखडीयुक्त जमिनीत उसावर पडणारा केवडा हा त्याच जातीचा प्रश्न होय. दोन्हीकडे लोह आहे, पण ते घेता येत नाही. सागरी जिवाणूंनी या टंचाईवर काढलेला मार्ग विज्ञानाला कसा उमगला आणि त्यातून नीरा खोऱ्याने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेची जडणघडण

१९१२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट व इंग्रॅम गुरांच्या जोन्स रोगाचे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते. त्याच कुळातील मृत जिवाणू माध्यमात मिसळल्याशिवाय ते वाढत नसत. त्या मृत जिवाणूंतील आवश्यक घटक, म्हणजे मायकोबॅक्टिन, लोह बांधून ठेवतो हे पुढे अनेक वर्षांनी स्पष्ट झाले. १९५२ साली नीलँड्स यांनी काणी वर्गातील एका बुरशीपासून फेरिक्रोम हे लोहयुक्त संयुग मिळविले. अशा संयुगांना ‘सिडेरोफोर’, म्हणजे लोहवाहक, ही संज्ञा १९७३ मध्ये लँकफर्ड यांनी दिली. १९८७ मध्ये श्विन व नीलँड्स यांनी सोपी रंगपरीक्षा सुचविली. निळ्या माध्यमावर सिडेरोफोर सोडणाऱ्या जिवाणूंभोवती नारिंगी वलय उमटते. त्यामुळे हा अभ्यास लहान प्रयोगशाळांच्याही आवाक्यात आला.

सागरी जिवाणूंचा मार्ग

ऑक्सिजनयुक्त व किंचित अल्कधर्मी पाण्यात लोह गंजासारख्या अविद्राव्य रूपात जाते. सिडेरोफोर ते पकडून विद्राव्य ठेवतो आणि जिवाणू ही जोडी पेशीत ओढून घेतो. १९९३ मध्ये एका सागरी जिवाणूपासून अल्टेरोबॅक्टिन मिळाले. लोहाशी त्याची बांधणी असाधारण घट्ट होती. २००० साली ॲलिसन बटलर व सहकाऱ्यांनी मेदाम्लाचे शेपूट असलेले मॅरिनोबॅक्टिन व ॲक्वाचेलिन हे सिडेरोफोर वर्णिले. अथांग पाण्यात सोडलेला पदार्थ वाहून जाऊ नये, यासाठी हे शेपूट उपयोगी पडत असावे, असे मानले जाते.

केवळ लोह ओतल्याने काय साधते, याची परीक्षा २००९ साली झाली. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘लोहाफेक्स’ प्रयोगात दक्षिण महासागराच्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात लोह मिसळले. वनस्पतिप्लवक वाढले, परंतु प्राणिप्लवकांनी ते खाऊन टाकले आणि खोल समुद्रात अपेक्षेइतका कार्बन गेला नाही.

नीरा खोऱ्याचा संदर्भ

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पाण्याबरोबर ऊस आला, तसे क्षारही वर आले. १९१० मध्ये हॅरॉल्ड मान व व्ही. ए. तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे कालव्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांतच जमिनीच्या बिघाडाची दखल घ्यावी लागली होती. येथील काळी माती लोहसंपन्न बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. तथापि चुनखडी व अल्कधर्मी गुण यांमुळे तिच्यातील लोह मुळांना मिळत नाही.

येथे समुद्र आणि शेत यांचे नाते दिसते. तृणवर्गीय वनस्पतींची मुळेही लोह बांधणारी संयुगे सोडतात, हे १९७६ मध्ये जपानी संशोधक ताकागी यांनी भात व ओट यांच्या मुळांवरील अभ्यासातून दाखविले. ऊसही याच कुळातील आहे. मातीतील अनेक जिवाणू सिडेरोफोर निर्माण करतात. महाराष्ट्रात जळगावच्या विद्यापीठात सु. भा. चिंचोलकर यांनी या विषयाचा पाठपुरावा केला; त्यांनी अजित वर्मा यांच्यासह संपादित केलेला ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष

टंचाई ही नेहमीच साठ्याची नसते. बहुधा ती उपलब्धतेची असते. हिराकस नुसते जमिनीत टाकले तर चुनखडी ते लवकरच निरुपयोगी करते. शेणखतात मुरवून दिले तर ते अधिक काळ पिकाच्या उपयोगी पडते. यामागचे तत्त्व सागरी जिवाणूंच्या युक्तीहून फारसे वेगळे नाही. मात्र निचरा बिघडलेल्या जमिनीत कोणताही जिवाणू चमत्कार करू शकणार नाही. म्हणून निचरा, सेंद्रिय खत आणि मातीतील सजीवसृष्टी यांचा एकत्रित विचार करणे, हाच नीरा खोऱ्याच्या शतकाहून जुन्या अनुभवाचा आणि सागरी संशोधनाचा समान बोध होय.