कोहांगा रेओ
न्यूझीलंडमधील माओरी बालकांना पूर्णतः माओरी भाषेतून वाढविणारी, कुटुंबांनी चालविलेली बालशिक्षणव्यवस्था.

उगम : १८६७ च्या कायद्याने माओरींसाठीच्या सरकारी शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले. विसाव्या शतकात शहरांकडील स्थलांतरामुळे घरातील माओरी भाषा मागे पडत गेली. भाषा शाळांत शिकवावी, या मागणीची सुमारे ३०,००० सह्यांची याचिका १९७२ मध्ये संसदेला सादर झाली. पहिले कोहांगा रेओ १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळील वाइनुइओमाटा येथे सुरू झाले (→ माओरी).

वैशिष्ट्ये : जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची मुले येथे येतात व सर्व व्यवहार माओरीतच होतो. भाषा जाणणारी वडीलधारी मंडळी गाणी, कथा, प्रार्थना, खेळ आणि वंशावळी यांतून शिकवितात. व्यवस्थापन विस्तारित कुटुंबाकडे असते आणि पालकही मुलांबरोबर भाषा शिकतात. शारीरिक, मानसिक, आत्मिक व कौटुंबिक स्वास्थ्य एकत्र जपले जाते.

महत्त्व : या चळवळीतून १९८५ मध्ये ऑकलंड येथे पहिली माओरी माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. वाइटांगी न्यायाधिकरणाने १९८६ च्या अहवालात माओरी भाषेला वाइटांगी करारान्वये संरक्षणीय ठेवा मानले (→ वाइटांगी करार). १९८७ मध्ये ती अधिकृत भाषा झाली. हवाईतील पूनाना लेओ बालशाळांनी हाच नमुना स्वीकारला. स्वभाषेत स्वतःच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा मूलनिवासींचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातील चौदाव्या अनुच्छेदात नमूद आहे (→ मूलनिवासी हक्क).