जनसंपर्काची पदवी आणि लडलोची पत्रके

१९४७ साली अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठाने जनसंपर्काचे स्वतंत्र विद्यालय काढले आणि या विषयात पदवी द्यायला सुरुवात केली. तोवर हा व्यवसाय चांगला चार दशकांचा झाला होता. रेल्वे कंपन्या, खाणमालक, तंबाखूवाले, युद्धकाळातले सरकार, सगळ्यांचे काम पदवीवाचून चालले होते. मग पदवीची निकड का भासली? काम वाढले, कुशल माणसे हवी झाली, हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. लिहिण्याचे आणि संपादकाला गाठण्याचे कौशल्य वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आयते तयार होत होते. या व्यवसायाचा पहिला मोठा माणूस आयव्ही ली तिथूनच आला होता. टंचाई होती ती विश्वासाची, आणि विद्यापीठाच्या शिक्क्याने ती भरून निघेल अशी आशा होती.

विश्वास कसा गेला हे लीच्याच कामात दिसते. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांचे काम करताना त्याने वर्तमानपत्रांना जाहीर वचन दिले होते की आमचे काम उघड असेल, माहिती अचूक असेल आणि पडताळून पाहणाऱ्याला आम्ही मदत करू. पुढे २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतल्या लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला. तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले त्यात गेली. खाण कंपनीची सूत्रे हाती असलेल्या रॉकफेलर कुटुंबाने त्यानंतर लीला नेमले आणि त्याने मालकांची बाजू मांडणारी पत्रके देशभर धाडली. एका पत्रकात संपाच्या पुढाऱ्यांची वर्षभराची मिळकत अवघ्या नऊ आठवड्यांची म्हणून छापली गेली. १९१५ मध्ये औद्योगिक संबंध आयोगापुढे लीला विचारण्यात आले, तेव्हा मालकांकडून आलेली माहिती आपण स्वतः पडताळलीच नव्हती, हे त्याने कबूल केले. १९०६ च्या वचनाचे कलमच त्याने मोडले होते, तेही माणसे मेली असताना.

याच व्यवसायातल्या एडवर्ड बर्नेज याने हा डाग पुसण्यासाठी विद्येचा आधार घेतला. १९२३ मध्ये त्याचे जनमतावरचे पुस्तक आले आणि त्याच वर्षी त्याने न्यूयॉर्क विद्यापीठात या विषयाचा वर्ग घेतला. पण १९२९ च्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींनी सिगारेटी शिलगावल्या त्या त्याच्याच योजनेने, आणि त्यामागे तंबाखू कंपनीचा पैसा आहे हे बघ्यांना ठाऊक नव्हते. म्हणून कुणी म्हणेल की ही पदवी म्हणजे या धंद्याने स्वतःचीच केलेली जाहिरात. हा आक्षेप जन्मापुरता खरा आहे. पुढच्या वाटचालीला तो लागू पडत नाही. पदवी द्यायची तर तीन-चार वर्षे शिकवायला काहीतरी हवे, परीक्षेत विचारायला प्रश्न हवेत. त्यामुळे जुनी प्रकरणे बाहेर काढून तपासणे भाग पडले. १९५२ मध्ये कटलिप आणि सेंटर यांचे पाठ्यपुस्तक आले. १९७५ मध्ये शिक्षक आणि व्यावसायिक यांच्या संयुक्त आयोगाने अभ्यासक्रमाचा आराखडा मांडला. १९८४ मध्ये ग्रूनिग आणि हंट यांनी जनसंपर्काचे चार प्रकार पाडून लीला एकात आणि बर्नेजला दुसऱ्यात बसवले. चौथा प्रकार म्हणजे संस्थेनेही लोकांचे ऐकून स्वतः बदलणे. एवढी वर्षे फक्त लोकांनी बदलावे अशी अपेक्षा असलेल्या व्यवसायाला हे त्याच्याच प्राध्यापकांनी सुनावले, याचे मोल मोठे आहे.

याहून जड आक्षेप दुसरा आहे. नीतीचे धडे देऊन फरक काय पडला? ऑक्टोबर १९९० मध्ये कुवेतच्या एका मुलीने इराकी सैनिकांनी अर्भकांना इन्क्युबेटरमधून काढून मरू दिल्याची साक्ष अमेरिकी खासदारांपुढे दिली. ती कुवेतच्या राजदूतांची मुलगी होती, हे नंतर उघड झाले. या साक्षीमागची मोहीम हिल अँड नोल्टन या नामांकित जनसंपर्क संस्थेने चालवली होती, आणि तोवर पदवीला चार दशके उलटली होती. आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचा दोष अभ्यासक्रमावर टाकणे मला पटत नाही. डॉक्टरची सनद काढून घेता येते, वकिलाचीही. जनसंपर्काचे काम कुणीही करू शकतो, त्यामुळे काढून घ्यायला हाती काहीच नसते. बर्नेजने उतारवयात परवान्याची मागणी लावून धरली, ती मान्य झाली नाही. सरकारने परवाना द्यायचा तर कोण काय बोलेल यावरही सरकारचा हात पडेल, ही भीती खोटी नव्हती. पदवीकडे मग एकच साधन उरते: पुढच्या पिढीला मागचे पुरावे दाखवणे.

आपल्याकडे व्यावसायिकांची पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे. पदवी पातळीवर मात्र हा विषय बहुधा मास मीडियाच्या छत्राखालीच राहिला. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएम या मास मीडियाच्या पदवीत तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता निवडावी लागे आणि जनसंपर्काला त्यात जागा मिळे तेवढीच. प्रसिद्धिपत्रक लिहायला शिकवण्यासाठी तेवढी जागा पुरते. लडलोची पत्रके आणि आयोगापुढची साक्ष शेजारी ठेवून, कुठला आकडा कुठे फिरला हे विद्यार्थ्याकडून शोधून घ्यायचे तर मात्र एक सबंध सत्र लागेल, आणि ते द्यायला हवे.