ध्वनिफितींचे सीडीत रूपांतर (रायगड किनारा)

कॅसेटच्या चुंबकीय फितीवरचा आवाज अंकीय करून, जुन्या सीडी प्लेअरवरही वाजेल अशा तबकडीवर उतरवण्याची प्रक्रिया. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली. भारतात ती घराघरांत पोहोचली ती १९८० च्या दशकात.

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर या कामाला विशेष मोल आहे. आगरी-कोळी लग्नांत धवलारीण म्हणते ते धवले, बेने इस्रायलांची मराठी कीर्तने, कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीतली पोर्तुगीज वळणाची नोलिंग बोली ही सारी मुखपरंपरा. शब्द कागदावर उतरतात. चाल, हेल आणि मागून धरलेला बायकांचा सूर उतरत नाही. म्हणून घरातल्या लग्नाची खरखरती कॅसेटही बाजारातल्या गाण्यांच्या कॅसेटीपेक्षा आधी वाचवावी.

खाऱ्या, दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते आणि फीत हेडवर दाबून धरणाऱ्या दाबपट्टीची स्प्रिंग गंजते. बुरशीची फीत साफ केल्याशिवाय लावू नये, नाहीतर डेकचे हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या कॅसेटींत पसरते. दाबपट्टी निखळली असल्यास फीत स्क्रूच्या नव्या कवचात घालावी. मग ती एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळावी, हेड स्पिरिटने पुसावे आणि हेडचा कोन त्या फितीपुरता जुळवून घ्यावा. आवाज दबका येण्याचे कारण पुष्कळदा फीत नसते, हा कोन असतो. ध्वनिमुद्रण करताना खरखर गाळू नये. गाळणीत धवल्याचा बारीक सूरही जातो. मूळ नोंद अस्पर्श ठेवून सफाई प्रतीवर करावी.

जुन्या प्लेअरसाठी तबकडी ‘ऑडिओ सीडी’ याच पद्धतीची हवी: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन वाहिन्या. एमपी३ फाइलींची सीडी ते प्लेअर ओळखत नाहीत. पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू लेझरचा प्रकाश फारच कमी परावर्तित करते, त्यामुळे एकदाच लिहिली जाणारी सीडी-आर घ्यावी. तीही ७४ मिनिटांची बरी, कारण ८० मिनिटांच्या तबकडीवरची वळणे अधिक दाट असतात आणि काही जुनी यंत्रे तिथे अडखळतात. तबकडी शेवटी ‘फायनलाइज’ केली नाही, तर जुना प्लेअर ती वाचतच नाही. ६० मिनिटांची कॅसेट एका तबकडीवर मावते. ९० मिनिटांच्या कॅसेटच्या दोन बाजू दोन तबकड्यांवर घ्याव्या लागतात.

सीडी-आरमधला रंगद्रव्याचा थरही ऊन आणि उष्णतेने विरतो. त्यामुळे तबकडी ऐकण्यासाठी आणि कॉम्प्रेस न केलेली वेव्ह फाइल जपणुकीसाठी असे दोन्ही करावे. फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि मूळ कॅसेट टाकू नये. गाणारीचे नाव, गाव, लग्नाचे साल ही माहिती आवाज ओळखणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ध्वनिमुद्रणाच्याच बैठकीत फाइलीसोबत लिहून ठेवावी.