विद्येचा वारसा आणि पुरणाची पोळी

लक्ष्मीपूजन आज करावे की उद्या, असा घोळ एखाद्या वर्षी पडतो. मग पंचांगकर्ते जुने ग्रंथ काढून बसतात, आणि त्यांत 'निर्णयसिंधू' असतोच. हा ग्रंथ कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीस पुरा केला. म्हणून कमलाकरभट्ट काशीचे, असे सगळे म्हणतात. आणि ते खोटेही नाही. मात्र त्यांचे पणजोबा रामेश्वरभट्ट हे आमच्या पैठणचे. तुमच्या घरची दिवाळी कोणत्या तिथीस बसावी ह्याचा निवाडा एका पैठणकराच्या पणतवाने करून ठेवला आहे, हे आम्हां गावकऱ्यांना थोडेसे मिरवण्याजोगे आहे. पण गंमत अशी, की पैठणला नाथांचा वाडा कुठे म्हणून मला आजवर शेकडो यात्रेकरूंनी विचारले. रामेश्वरभट्ट कुठे राहात, असे एकानेही विचारले नाही.

मी व्यवसायाने मास्तर. आजोबा पंतोजी होते, वडील मास्तर होते, मीही तेच केले. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात राजे आणि लढाया येतात तेथे माझे लक्ष फार टिकत नाही. शिकविणाऱ्यांचे घर आले की मी चष्मा पुसून बसतो.

रामेश्वरभट्टांचे घर हे असे नुसते शिकविणाऱ्यांचे घर. त्यांची हकीकत आपल्याला कळते ती त्यांचे नातू शंकरभट्ट यांच्यामुळे. आपले कुळ विश्वामित्राचे, म्हणजे गाधीच्या वंशातले, म्हणून त्यांनी 'गाधिवंशानुचरित' असे नाव देऊन घराण्याचा वृत्तांत संस्कृतात लिहिला. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १९१२ साली त्याच्या आधारे काशीतल्या दक्षिणी पंडितांवर लेख लिहिला, तेव्हा तो अभ्यासकांच्या पुढे आला. मला त्यात मौज वाटते ती ही, की राजाने काय इनाम दिले ह्याच्या इतकेच, किंबहुना अधिक, अगत्य तेथे कोण कोठून शिकायला आला ह्याचे आहे. रामेश्वरभट्ट पैठणला शिकवीत, विजयनगरकडे गेले, द्वारकेस राहून शिकविले, पुन्हा पैठणला आले आणि १५२० च्या आसपास कायमचे काशीस गेले. गाव बदलत गेले, धंदा एकच; आणि निरनिराळ्या प्रांतांतले विद्यार्थी मागोमाग येत राहिले.

काशीस ह्या घराने पाय रोवले ते विलक्षण. थोरले चिरंजीव नारायणभट्ट वडिलांपाशीच शिकले आणि पुढे साऱ्या काशीच्या पंडितांचे अग्रणी झाले. 'त्रिस्थलीसेतू' आणि 'प्रयोगरत्न' हे त्यांचे ग्रंथ. अकबराच्या कारकिर्दीत विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे राहिले त्याचा पुढाकार परंपरा त्यांच्याकडेच देते. पंडितसभेत पहिला मान ह्या घराचा, असा प्रघात पडला. त्यांचे एक नातू कमलाकरभट्ट, दुसरे नीलकंठभट्ट. पाचव्या पिढीत विश्वेश्वर झाले, त्यांचे लाडके नाव गागा. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्यांनी केला ते गागाभट्ट हेच. शाळेत आम्ही त्यांना 'काशीचे गागाभट्ट' असे शिकलो आणि मीही पहिली काही वर्षे तसेच शिकविले. पुढे खरी गोष्ट कळली तेव्हा त्या वर्षांतल्या पोरांना परत बोलावून सांगावे असे वाटले होते.

नीलकंठभट्टांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. भाऊबीज जवळ आली आहे. त्यांनी बारा 'मयूख' रचले. त्यांतला 'व्यवहारमयूख' पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या कामी आधार धरला गेला. गुजरातेत, मुंबई बेटात आणि उत्तर कोकणात तर त्याचा शब्द 'मिताक्षरे'च्याही वर चाले. महामहोपाध्याय काणे यांनी १९२६ साली त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. ह्या ग्रंथात नीलकंठभट्टांनी बहिणीला भावाची वारस म्हणून स्थान दिले आहे. क्रम फार वरचा नव्हे; बायको, मुलेबाळे, आईबाप, सख्खे भाऊ, पुतणे, आजी ह्यांच्या मागून तिची पाळी. पण इतरत्र जिला ओळीतच उभे करीत नसत, तिला त्यांनी उभे केले. त्यांचे म्हणणे सोपे आहे: बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली ना? मग ती गोत्रजच. लग्नाने ती परक्या घरी गेली, पण जन्म काही पुसला जात नाही. १९५६ साली वारसाहक्काचा नवा कायदा आला तोवर ह्या एका युक्तिवादावर कित्येक बहिणींनी आपला हक्क मिळविला. ओवाळणीच्या ताटात पैठणच्या घराण्याने टाकलेले हे एक जुने नाणे.

आता पैठणातल्या दुसऱ्या घराकडे येतो. भट्टांचे घर गेले, आणि काही वर्षांनी, १५३३ साली, भानुदासांच्या पणतवाचा जन्म झाला. एकनाथ महाराजांचे चरित्र तुम्हां वाचकांना मी काय सांगावे! ते शिकायला गेले ते पंडिताकडे नव्हे, तर देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार पाहणाऱ्या जनार्दनस्वामींकडे. आणि शिकवायला बसले ते आपल्याच वाड्यात, आपल्याच बोलीत. जे येईल त्याला, जेव्हा येईल तेव्हा. त्यांचे भागवत पैठणला सुरू झाले आणि १५७३ साली काशीस पुरे झाले. मराठीत असला ग्रंथ कशाला, म्हणून काशीच्या पंडितांनी आधी आक्षेप घेतला आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या काळी काशीच्या पंडितांत नारायणभट्ट अग्रभागी होते, वय साठीच्या घरात. मी कधी कधी मनाशी ते दोन पैठणकर समोरासमोर बसवून पाहतो. एकाच्या हातात संस्कृत पोथी, दुसऱ्याच्या हातात मराठी. दोघांनाही गोदावरीच्या घाटाची आठवण येत असणार. पण एक शब्द बोलायला कोण आधी तोंड उघडील, हे काही माझ्या मनाला ठरविता येत नाही.

बाहेरच्या पंडितांनी मान्य केले. घरातल्याने केले नाही. नाथांचे चिरंजीव हरिपंडित व्युत्पन्न शास्त्री होते. वडील प्राकृतात सांगतात आणि कोणाकडेही जेवतात, ह्याचा त्यांना उबग आला आणि ते काशीस निघून गेले. म्हणजे ज्या वाटेने भट्ट गेले त्याच वाटेने. महिपतींनी पुढची हकीकत सांगितली आहे. नाथ स्वतः काशीस गेले, मुलाच्या अटी मान्य केल्या आणि त्याला घरी आणले. मराठीत सांगणार नाही, परान्न घेणार नाही. मग वाड्यात पुराण हरिपंडित सांगू लागले, आणि श्रोते हळूहळू येईनासे झाले.

ह्या ठिकाणी मी नेहमी पोथी मिटून थोडा वेळ बसतो. लोक चमत्कारांपाशी थांबतात. मला हा रिकामा वाडा दिसतो. समोरची माणसे एकेक करून उठून जाणे म्हणजे काय, हे ज्याने फळ्यापाशी आयुष्य काढले त्यालाच कळते. आणि मागे कोपऱ्यात वडील बसलेले आहेत. त्यांना सांगता येते, लोकांना ऐकायचे आहे, आणि ते मुलाला दिलेल्या शब्दासाठी गप्प आहेत! पुढे मुलाचा अभिमान गळाला आणि नाथांचे निरूपण पुन्हा सुरू झाले, अशी कथा आहे. ते मला पटते. पण बापाने गप्प राहून काढलेले ते दिवस मला अधिक पटतात.

मग नाथांची विद्या गेली कोणाकडे? थोडी गेली मुलीच्या घरी. 'महाभारत' मराठीत आणणारे मुक्तेश्वर हे नाथांच्या मुलीचे चिरंजीव. आणि उरलेले काम गेले गावब्याकडे. हा गावबा म्हणजे पुरणपोळीसाठी हट्ट धरणारा मुलगा. रोज पुरणपोळी मिळेल म्हणून नाथांच्या घरी राहिला, असे परंपरा सांगते. अभ्यासात त्याची गणती कोणी केली नव्हती. नाथांनी 'भावार्थ रामायण' युद्धकांडाच्या चव्वेचाळीसाव्या अध्यायापर्यंत आणले आणि १५९९ साली देह ठेवला. उरलेला ग्रंथ शास्त्री पुत्राने नव्हे, ह्या पोळीवाल्या पोराने पुरा केला.

आमच्या घरी एक वही आहे. व्यापाऱ्यांच्या घरी दिवाळीत चोपडीपूजन होते, तसे आमच्या आजोबांनी एक खूळ काढले होते: पाडव्याच्या दिवशी अभ्यंगस्नान झाले की वहीला हळदकुंकू वाहायचे आणि त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची नावे लिहायची. आजोबांची पाने मोडीत आहेत. ती लावून पाहिली तर एकही मुलगी नाही, आणि गावकुसाबाहेरच्या घरचा एकही मुलगा नाही. आजोबा नाथांचे भक्त होते, षष्ठीला वाड्यात सेवा करीत. तरी वही अशी. मला ते सांगायला लाज वाटते, पण वही फाडता येत नाही.

वडील निजामी अमलात मुदर्रिस झाले. वरच्या वर्गांतून उर्दू चाले. शाळेतला हजेरीपट उर्दूत आणि घरची वही बाळबोध मराठीत, अशी त्यांची दुहेरी लेखणी. १७ सप्टेंबर १९४८ ला तो अंमल संपला. त्यांच्या पानांत पहिल्या मुलीचे नाव त्यानंतर चार दिवाळ्यांनी येते. शाई जरा गडद आहे, बहुधा दोनदा गिरविले. माझी पाने १९७१ पासूनची. तेव्हा जायकवाडीचे धरण बांधले जात होते. नावांपुढे मी मुलांची गावे लिहीत असे, आणि १९७६ पर्यंत त्यांतली काही गावे नाथसागराखाली गेली.

माझ्या मुलाने मास्तर व्हावे असा माझा हट्ट होता. तो पुण्याला संगणकाच्या नोकरीत गेला, आणि त्यावरून आमच्या घरी दोन दिवाळ्या कडू झाल्या. दोष त्याचा नव्हता. मी स्वतःला नाथ समजून त्याला हरिपंडित ठरविले होते. वास्तविक नाथ तर मुलासाठी गप्प बसले, मी एक दिवस बसलो नाही. निवृत्तीनंतर वही फडताळातच राहिली. पाडव्याला हळदकुंकू तेवढे वाहायचे. लिहायला नावेच नव्हती.

गेल्या वर्षी पाडव्याला एक जुनी विद्यार्थिनी आली. धरणात गाव गेलेल्या घरातली. लहानपणी ती आमच्याकडे येई ती अभ्यासाला कमी आणि आमच्या मंडळींच्या हातच्या अनरशांसाठी अधिक. गणितात कच्ची, हिला पुढे शिकवून उपयोग नाही, असे मी एकदा तिच्या आईला सांगितलेही होते. ती आता तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकविते. अनरसा हातात घेऊन ती फडताळाशी उभी राहिली.

"सर, ती वही हाय का अजून?"

मी काढून दिली. तिने स्वतःचे नाव शोधले, त्यावर बोट ठेवले, मग पुढची कोरी पाने उलटली.

"माझ्या लेकरांची नावं ह्यात लिहिली तर चालंल का?"

मी काही न बोलता तिला लेखणी दिली. नावे तिला पाठ होती. सतरा नावे झाली, आणि ती थबकली.

"एक पोरगं हाय, सर. दिवाळी झाली की आईबापासंगं ऊसतोडीला जातं, उन्हाळ्यापर्यंत वर्गात नसतं. त्याचं लिहू का?"

"त्याचं लिही," मी म्हणालो. "आणि पुढं गावही लिही."