शून्य निकाल : गिरणगावचा इतिहास आणि आपली शोधपेटी

१/
करी रोड स्थानकाजवळ, श्रीनिवास मिलच्या जागी, आज उत्तुंग निवासी मनोरे उभे आहेत. गिरणी गेली, तिचा इतिहास उरला तो कागदांत. आपल्यापैकी अनेक जण जुन्या बातम्या आणि पत्रके टंकून आपापल्या संकेतस्थळांवर ठेवतात व वर एक शोधपेटी बसवतात. हा धागा त्या शोधपेटीविषयी, कारण तीही इतिहास झाकू शकते.

२/
शोधपेटी सहसा पाने वाचत नाही, सूची पाहते. ग्रंथाच्या शेवटी असते तशीच : शब्द, आणि तो जिथे आला त्या पानांचे आकडे. डॉ. श्री. व्यं. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाला स्वतंत्र सूचिखंड आहे तो याचसाठी. मात्र सूचिकाराला 'परळ' आणि 'परेल' एकच हे ठाऊक असते. यंत्राला ते सांगावे लागते.

३/
आता दोन संप पाहू. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ : सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप. १८ जानेवारी १९८२ : डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाखांचा संप. या दोहोंच्या मध्ये, १९६२ साली, शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले.

४/
त्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या मजकुरात 'गिरणींत', 'कामगारांनीं', 'केलें' असे आढळते; आपण 'गिरणीत', 'कामगारांनी', 'केले' असे शोधतो. यंत्राच्या लेखी हे वेगळे शब्द. म्हणून 'गिरणीत' टंकल्यावर १९८२ सापडते आणि १९२८ हरवते.

५/
एकाच काळातील मजकुरातही फसगत होते. 'दुसऱ्या पाळीत' यातला 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र भिन्न. शिवाय 'संप' शोधणाऱ्याला 'संपाच्या', 'संपात' हीही रूपे हवी असतात.

६/
मग सगळेच अनुस्वार पुसावेत का? नाही, 'संप'चा 'सप' होईल. शब्दान्तीचा आणि 'त' प्रत्ययाआधीचा अनुस्वार तेवढा सूचीत व शोधशब्दात गाळावा. त्यामुळे 'घरात' आणि 'घरांत' एक होतील, चार निकाल जास्त येतील, ते परवडते. मूळ मजकुराला मात्र हात लावू नये. तो पुरावा आहे.

७/
सर्वांत मोठी हानी शब्द बदलल्याने होते. गिरण्यांच्या वाइंडिंग, रीलिंग खात्यांत स्त्रिया काम करत. 'महिला कामगार' शोधले, आणि जुन्या मजकुरात 'बायका' किंवा 'स्त्रिया' असेल, तर पडद्यावर शून्य निकाल येतो. त्यावरून 'त्या संपात स्त्रिया नव्हत्या' असे कोणी लिहिले, तर ती चूक शोधपेटीत जन्मलेली असेल. म्हणून समानार्थी शब्दांची यादी हाताने करावी लागते, आणि तिच्यासाठी जुना मजकूर आधी स्वतः वाचावा लागतो.

८/
शेवटी, शोधपेटीखाली दोन ओळी अवश्य लिहा : कोणती रूपे एक मानली आहेत आणि कोणत्या वर्षांचा मजकूर सूचीत आहे. पुढच्या अभ्यासकाला 'शून्य निकाल' दिसेल, तेव्हा तो इतिहासाचा आहे की आपल्या सूचीचा, हे त्याला पारखता आले पाहिजे.